बाल्कनीच्या केबिनमधलं तिसरं नाव

गाडी सुटायला वीस मिनिटं होती. छत्रपती संभाजीनगरच्या स्टेशनवर दोन बॅगा आणि एक पिशवी पायाशी ठेवून आम्ही दोघी बाकावर बसलो होतो, तेवढ्यात माझ्या पर्समध्ये फोन वाजला. माझा नव्हे, ह्यांचा.

माझे यजमान रंगनाथराव सात महिन्यांपूर्वी गेले. त्यांचा फोन मी चालू ठेवला आहे, कारण बँकेचे आणि गॅसचे निरोप अजून त्याच नंबरावर येतात. उघडून पाहिलं तर ईमेल होतं, जहाज कंपनीचं. इंग्रजीत होतं, पण अर्थ सरळ होता. ‘प्रिय रंगनाथ, आनंदाची बातमी! चांगल्या केबिनसाठी तुम्ही केलेली विनंती मान्य झाली आहे. खिडकी नसलेल्या आतल्या केबिनऐवजी तुम्हाला समुद्राकडची, बाल्कनीची केबिन देत आहोत. उद्या आम्ही तुमची वाट पाहतो.’

“कुनाचं गं?” शेजारून आक्कांनी विचारलं.

मी मराठीत वाचून दाखवलं. आक्का रुळांकडे पाहत म्हणाल्या, “बघ. जाऊन बी जागा धरली त्यानं.”

आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, कौसल्या. कन्नडजवळच्या खेड्यात त्यांची शेती आहे, आद्रक आणि मका. वय अडुसष्ट. समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. ही जहाजाची सहल खरं तर ह्यांनी आम्हा दोघांसाठी ठरवली होती. मुंबईहून निघायचं, तीन रात्री पाण्यावर काढून मुंबईलाच परत. ते गेल्यावर माझी मुलगी म्हणाली, “आई, रद्द करू नकोस. बाबांच्या जागी आत्याला ने.” तिनं कंपनीला कळवून नाव बदलून घेतलं. पण जाण्याआधी ह्यांनी चांगल्या केबिनसाठी अर्ज करून ठेवला होता, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

ज्यांनी जहाजाचा प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी इथंच सांगून ठेवते. सगळ्यात स्वस्त केबिन जहाजाच्या पोटात असते. तिला खिडकी नसते, दिवा मालवला की दिवस की रात्र ते कळत नाही. निघण्याआधी कंपनी विचारते, वरच्या दर्जाची केबिन रिकामी राहिली तर हवी का? हवी असेल तर थोडे जास्त पैसे कबूल करून नाव नोंदवायचं. मिळाली तर मिळाली. उत्तर बहुधा अगदी शेवटच्या दिवशी येतं. तसं ते आलं होतं. फक्त ज्यानं नाव नोंदवलं होतं तो माणूस ते ऐकायला राहिला नव्हता.

गाडी हलली. दौलताबादचा किल्ला खिडकीतून मागं सरकला.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास आम्ही बंदरावर पोचलो. जहाज म्हणजे आपल्याला वाटतं एखादी मोठी नाव असेल. तसं काही नाही. ते इमारतीसारखं उभं होतं, पांढरं, बारा-तेरा मजल्यांचं आणि इतकं स्थिर की पाण्यात आहे असं वाटेचना. त्या दिवशी हवा धुरकट होती. वरचे मजले धुरक्यात विरघळले होते. आक्कांनी मान वर केली, पदर सावरला आणि हात जोडले.

चढण्याच्या दिवशी काय काय होतं ते क्रमानं सांगते. मोठ्या बॅगांना केबिनच्या नंबराची चिठ्ठी लावून त्या दारातच द्याव्या लागतात. त्या आपल्याला संध्याकाळपर्यंत दिसत नाहीत, म्हणून औषधं, चष्मा, एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवावेत. घरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. आक्कांनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. तपासणीच्या बाईंनी डबा बाजूला ठेवला, तेव्हा आक्का म्हणाल्या, “फेकून देणार? मग मीच खाते.” त्या तिथंच भिंतीला टेकून दोन धपाटे खाऊन मोकळ्या झाल्या. एक त्या तपासणीच्या बाईंनाही दिला, आणि त्यांनी इकडंतिकडं पाहून तो खाल्ला.

आतमध्ये थंडगार वातानुकूलन. आक्कांना थंडी सोसत नाही. त्यांनी पिशवीतून तपकिरी स्वेटर काढून अंगात चढवला आणि मफलर डोक्याला, भुवयांपर्यंत ओढून, कानांवरून घट्ट गुंडाळला. दोन्ही ह्यांचेच. मीच दिले होते, घरात पडून राहण्यापेक्षा.

केबिन बदलून मिळालेल्यांसाठी वेगळी खिडकी होती. आमची आधारकार्डं पाहून तिथल्या मुलीनं आधीच तयार असलेलं एक पाकीट हातात दिलं. उघडलं तर आत तीन कार्डं. एक माझं, सुमन औताडे. एक कौसल्याबाईंचं. आणि तिसऱ्यावर रंगनाथ औताडे.

“हे तिसरं कसं?” मी विचारलं.

तिनं संगणकात पाहिलं. “मॅडम, विनंती सरांच्या नावानं होती ना, त्यामुळं नवीन केबिनला जुनं नावही जोडलं गेलंय. सर आले नाहीत का?”

“नाही,” मी म्हणाले. “ते येणार नाहीत.”

एवढंच म्हणाले. सात महिने मी हे असंच म्हणत आले होते. ते नाहीत, ते येणार नाहीत, त्यांना फोन देता येणार नाही. तेहतीस वर्षं टेलिफोन खात्यात नोकरी केली मी. ‘या नंबरावरून उत्तर मिळत नाही’ हे वाक्य दिवसातून शंभरदा म्हणत असे. ती सवय इथं कामी आली म्हणायची.

“मी नाव काढायला सांगते,” मुलगी म्हणाली. “कार्ड वर गेल्यावर स्वागतकक्षात परत द्या.” मागं मोठी रांग होती. मी पाकीट आक्कांच्या हातात दिलं आणि आधारकार्डं पर्समध्ये नीट ठेवायला लागले.

मग तो झुलता पूल येतो. त्याला गँगवे म्हणतात. धक्का आणि जहाज यांच्यामधला उतरता रस्ता, खाली हातभर फटीत काळं पाणी. पुलाच्या टोकाशी एक यंत्र असतं. त्यावर कार्ड टेकवलं की ‘टिंग’ वाजतं आणि वरचा कॅमेरा आपला फोटो काढतो. जहाजावर कोण आहे आणि कोण नाही याची नोंद त्यावरून होते. मी आक्कांकडून माझं कार्ड घेतलं, टेकवलं आणि पुढं झाले. आमच्या मागं पन्नासएक माणसांचा एक घोळका गाणी म्हणत येत होता आणि पहारेकऱ्याचं सगळं लक्ष तिकडं होतं. माझ्या पाठीमागं दोनदा टिंग वाजलं. आक्कांचं कार्ड पहिल्यांदा नीट लागलं नसेल, असं वाटून मी मागं वळूनही पाहिलं नाही.

केबिन तीनपर्यंत तयार नव्हती. तोवर सगळ्यांना वरच्या मजल्यावर जेवायला पाठवतात. भात, छोले, चार तऱ्हेची सॅलडं, जिलबी. आक्कांनी दहीभात घेतला. खिडकीबाहेर समुद्र होता, पण तो समुद्रासारखा दिसतच नव्हता. मातकट, सपाट, एकही लाट नसलेला. दूर उभी असलेली जहाजं धुरक्यात लटकल्यासारखी दिसत होती.

“हेच का ते?” आक्कांनी विचारलं.

“हेच.”

“लई गप हाय गं.”

तीन वाजता आम्ही केबिनकडं निघालो. त्या रस्त्याची आठवण अजून अंगावर येते. इतका लांब बोळ की दुसरं टोक दिसत नाही. दोन्ही बाजूंना एकसारखी दारं. पायाखाली जाड गालिचा, त्यामुळं आपल्या चालण्याचाही आवाज होत नाही. तीन हजार माणसं चढलेली, आणि त्या बोळात एकही नाही. मी दोनदा थांबून मागं पाहिलं. आक्का डोक्याला मफलर गुंडाळून, किंचित वाकून, हात मागं बांधून चालत होत्या. हे सकाळी फिरायला जाताना अगदी तसेच चालायचे. मी पुन्हा मागं पाहायचं नाही असं ठरवलं.

दार उघडलं तर आतला टीव्ही आपोआप सुरू झालेला. निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती, ‘स्वागत, श्री. रंगनाथ’. मी रिमोट शोधला, तो सापडेना. खोली मात्र सुरेख होती. दोन पलंग, आणि कोचाचा केलेला तिसरा बिछाना. तीन टॉवेल. कपाटात संकटसमयी घालायची तीन नारिंगी जाकिटं. काचेचं सरकतं दार, बाहेर बाल्कनी, तिथं दोन खुर्च्या आणि एक टेबल. ही बाल्कनी ह्यांनी मला न सांगता मागून घेतली होती. मला खिडकी नसलेल्या खोलीत जीव घाबरतो हे त्यांना माहीत होतं. मी पलंगाच्या कडेला बसून राहिले. बाहेर जावंसं वाटेना.

आक्का गेल्या. एका खुर्चीवर बसल्या आणि दुसरी जरा ओढून समुद्राकडं तोंड करून ठेवली.

तेवढ्यात दार वाजलं. केबिनची व्यवस्था पाहणारी बाई आली होती. फिलोमिना नावाची, पन्नाशीची, गोव्याची. बर्फ कुठं मिळेल, नळाचं पाणी प्यायचं की नाही, असं सगळं तिनं मराठी-कोकणीत सांगितलं. मग तिसऱ्या बिछान्याकडं पाहत विचारलं, “साहेब खंय (कुठं)?”

मी तोंड उघडणार, तोच बाल्कनीतून आक्का म्हणाल्या, “येतील. हितंच असत्याल.”

फिलोमिना हसून गेली. मी आक्कांकडं पाहिलं. त्या पाण्याकडं पाहत होत्या. मी विचारलं, “आक्का, तुम्ही असं काय सांगितलंत तिला?” त्यांनी दुसरी खुर्ची आणखी जरा कठड्याकडं सरकवली. मला वाटलं, प्रवासाचा शीण, नवी जागा. मी विषय वाढवला नाही. ते तिसरं कार्ड परत द्यायचं राहून गेलं ते असं.

चार वाजता भोंगा वाजला. सात छोटे आवाज आणि एक लांब. याला मस्टर ड्रिल म्हणतात, म्हणजे संकट आलं तर कुठं जमायचं याची तालीम. प्रत्येकाला ठरलेल्या जागी जाऊन कार्ड दाखवावंच लागतं. एकही माणूस राहिला तरी जहाज सुटत नाही. आमची जागा नाट्यगृहात होती. लाल खुर्च्या, हजारभर माणसं. आम्ही दोघींनी कार्डं दाखवली आणि बसलो. कर्मचाऱ्यांनी जाकीट कसं बांधायचं ते दाखवलं. सगळं वीस मिनिटांत उरकलं.

आणि मग छतातल्या कर्ण्यातून आवाज आला, “मिस्टर रॅंगानाथ ऑटाडे. मिस्टर रॅंगानाथ ऑटाडे. कृपया आपल्या जमण्याच्या जागी यावं.”

उच्चार इतका वेडावाकडा होता की पहिल्यांदा मला वाटलं, दुसरंच कुणी असेल. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मात्र नाव ओळखू आलं. ते नाव एकाच वेळी सगळ्या मजल्यांवर, सगळ्या बोळांत, प्रत्येक बंद केबिनमध्ये वाजत होतं. सात महिन्यांत ह्यांना इतक्या मोठ्यानं कुणी हाक मारली नव्हती. पुकारा झाला की क्षणभर सगळे गप्प व्हायचे, जणू कुणी ‘ओ’ देईल म्हणून थांबल्यासारखे.

तिसऱ्यांदा पुकारल्यावर मागच्या रांगेतले एक गृहस्थ चिडून म्हणाले, “कोण आहे हा शहाणा? एका माणसापायी सगळ्यांना ताटकळत ठेवलंय.”

आक्का मांडीवर हात ठेवून खाली पाहत बसल्या होत्या. मी उठले आणि दाराशी यादी घेऊन उभ्या असलेल्या मुलाला म्हणाले, “ते जहाजावर नाहीत. नाव चुकून लागलंय.”

त्यानं यंत्रात पाहिलं. “नाही मॅडम, ते चढलेत. दोन वाजून छत्तीस मिनिटांनी.”

“शक्य नाही.”

त्यानं मला बाहेरच्या डेकवर सुरक्षा अधिकाऱ्यांकडं नेलं. जाधव नावाचे, नौदलातून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हातातला टॅबलेट माझ्याकडं वळवला.

पडद्यावर ह्यांचं नाव होतं. केबिनचा नंबर होता. वेळ होती. आणि फोटोत हे होते.

रुंद जबडा. किंचित उतरलेली डावी पापणी. मफलर भुवयांपर्यंत ओढून कानांवरून घेतलेला, तपकिरी स्वेटरचं वरचं बटण लावलेलं. कॅमेऱ्याकडं पाहताना ओठ घट्ट मिटायची ती सवय. चेहरा जरा थकलेला, पण ह्यांचाच.

“हे तुमचे मिस्टर ना?” जाधवांनी विचारलं.

“हो,” मी म्हणाले.

खोटं बोलले नाही मी. त्या क्षणी दुसरं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

पुढचं फार भराभर झालं. जाधवांनी कमरेचा बिनतारी संच उचलून केबिन पाहायला सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, केबिन रिकामी आहे, बाल्कनीचं दार सताड उघडं आहे, एक खुर्ची कठड्याकडं तोंड करून ठेवलेली आहे. जाधवांचा चेहरा बदलला. “खाली पाण्यात बघा,” ते म्हणाले. “दोन्ही बाजूंनी. आत्ताच्या आत्ता.” माणसं धावली. कुणीतरी दोराला बांधलेलं गोल कडं काढून हातात घेतलं.

त्यांच्या तोंडात मी स्वतः गंगाजळ घातलं होतं. हात थंड होत गेलेले मी स्वतः पाहिले होते. आणि तरीही मी कठड्याशी धावले आणि खाली वाकून त्या मातकट पाण्यात त्यांना शोधायला लागले. स्वेटरचा तपकिरी रंग कुठं दिसतो का ते पाहू लागले. पाणी जहाजाच्या अंगाला चाटत होतं, त्यावर तेलाचा तवंग होता, एक नारळ डुचमळत होता. मी मोठ्यानं हाक मारली, “अहो!”

उत्तरादाखल पाठीमागं पावलं वाजली. मी वळले. धुरक्यातून, डेकच्या लाकडी फळ्यांवरून हे चालत येत होते. मफलर, स्वेटर, किंचित वाकलेले.

“सुमन,” आक्का म्हणाल्या. “तिथं नाय तो. चल मागं.”

जाधवांनी टॅबलेटकडं पाहिलं, मग आक्कांकडं, मग पुन्हा टॅबलेटकडं. मलाही तेव्हाच कळलं. बहीण-भावाचं तोंड सारखं आहे हे मी चाळीस वर्षं ऐकत आले होते. आक्कांच्या कपाळावर गोंदण आहे, केस आहेत, कुंकवाची जागा आहे. ते सगळं मफलरनं झाकलं की काय उरतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

“आक्का, कार्ड तुम्ही लावलंत?”

“व्हय.”

“का?”

त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. “मी काय ठरवून केलं नाय. माझं कार्ड लावलं आन् त्याचं हातात व्हतं. मला वाटलं, इतक्या हौसेनं जागा मागून घेतली त्यानं. त्याला एकडाव चढू द्यावं. मला काय ठाव, एवढं मोठं जहाज हे त्याच्यापायी थांबवत्याल म्हणून.”

मग माझ्याकडं न पाहता त्या म्हणाल्या, “तू नाय थांबलीस, सुमन.”

हे वाक्य कधी ना कधी येणार, हे मला माहीत होतं. हे गेले तेव्हा आक्का गावातल्या बायकांबरोबर रामेश्वरच्या यात्रेच्या वाटेवर होत्या. निरोप गेला, रामेश्वर गाठायच्या आतच त्या परत फिरल्याही. पण पोचायला दोन दिवस लागणार होते. घरात सगळे म्हणाले, इतकं थांबता येणार नाही. सगळे म्हणाले हे खरं, पण शेवटी ‘करा’ असं म्हणणारी मीच होते.

“दोन दिस गाडीत बसून आले,” आक्का सांगत होत्या. “दारात आले तं घर धुतल्यालं. आंगण बी ओलं. त्याचं तोंड नाय पाह्यलं मी. तुम्ही समदे म्हनता गेला, तं गेला आसंल. माझ्यासाठी तो गेला कवा? मला कुनी दाखवलंच नाय.”

“चुकलं माझं,” मी म्हणाले. “थांबायला हवं होतं मी, आक्का.”

जाधव दोन पावलं दूर जाऊन उभे होते. त्यांचा संच सारखा करकरत होता. मी त्यांच्याजवळ गेले आणि पर्सच्या आतल्या कप्प्यातून घडी घातलेला कागद काढला. मृत्यूचा दाखला. सात महिने प्रत्येक कचेरीत मागतात म्हणून त्याची एक प्रत माझ्याजवळ असतेच. नुसता कागद पुढं करायची मला सवय झाली होती, बोलायची नव्हती.

“माझे मिस्टर वारले आहेत,” मी म्हणाले. “सात महिने झाले. ते या जहाजावर नाहीत. मघाशी मी हो म्हणाले, ती माझी चूक.”

त्यांनी दाखला दोनदा वाचला. टोपी काढून काखेत धरली. “बाई, मला समजतंय,” ते म्हणाले. “रागावण्यासारखं आहे, पण मी रागावत नाही. फक्त एक अडचण आहे. यंत्राच्या लेखी जहाजात एक माणूस जास्त आहे. जो चढला तो उतरल्याची नोंद झाल्याशिवाय मला जहाज सोडता येत नाही. कार्ड घेऊन त्या पुलापाशी यावं लागेल.”

आम्ही खालच्या मजल्यावर गेलो. गँगवे अजून काढलेला नव्हता. दुपारी जिथं रेटारेटी होती तिथं आता फक्त एक पहारेकरी उभा होता. पुलापलीकडं रिकामा धक्का, धूसर ऊन, आणि लांबवर कुणीतरी झाडत होतं. आक्कांनी कमरेच्या चंचीतून (दोरीनं आवळायची कापडी पिशवी) कार्ड काढलं. यंत्रासमोर उभ्या राहिल्या. डोक्याचा मफलर सोडला आणि घडी करून हातावर टाकला.

हात काही पुढं होईना.

मिनिट गेलं, दोन गेली. जाधवांच्या संचावर कुणीतरी वरून विचारत होतं, अजून किती वेळ? त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “बाई, जहाज खोळंबलंय.”

“खोळंबू द्या,” मी म्हणाले. “त्यांचं होऊ दे.”

मी हे कसं म्हणू शकले ते मला माहीत नाही. तीन हजार माणसं, कप्तान, भरतीची वेळ, सगळं असेल. त्या दिवशी घरात हे म्हणायला हवं होतं, ते इथं म्हटलं.

जाधवांनी संच बंद केला.

आक्कांनी बऱ्याच वेळानं तोंड उघडलं. अगदी हलक्या आवाजात, शेतावर निघालेल्या माणसाला सांगावं तसं म्हणाल्या, “जा रे रंगा. सावकाश उतर. खाली बघून पाय टाक.”

आणि कार्ड टेकवलं. टिंग वाजलं. पडद्यावर क्षणभर नाव आलं, शेजारी हिरवी खूण आली आणि ते नाव पुसलं गेलं.

पूल जरासा हलला. वरून कुणी चालत गेल्यावर हलतो तसा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाण्यामुळं हलला असेल, तो दिवसभर हलतच होता. पण पहारेकऱ्यानं वाट द्यावी तसा एक पाय मागं घेतला, हे मी पाहिलं. पूल ओढून घेतला आणि दार बंद झालं.

जहाज तासभर उशिरा सुटलं.

पुढचे तीन दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगते. दुसऱ्या दिवशी चारी बाजूंना जमीन नव्हती. पाणी निळंशार झालं आणि तरी तितकंच मुकं राहिलं. मी बाल्कनीत बसले. आक्का शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि ह्यांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत राहिल्या. विहिरीत पोहायला कुणी शिकवलं, शाळेतून पळून आल्यावर कुठं लपायचा. चाळीस वर्षांत मी त्या ऐकल्या नव्हत्या. जेवणघरात ते मागच्या रांगेतले गृहस्थ भेटले. त्यांनी विचारलं, “सापडला का हो तो माणूस?” मी म्हटलं, “उतरला.” फिलोमिनानं तिसरा बिछाना मोडून पुन्हा कोच करून ठेवला. मात्र टॉवेल ती रोज तीनच ठेवत होती. विचारलं तर म्हणाली, “दोनच ठेवलेले, बाय.” शेवटच्या दिवशी मी मोजायचं सोडून दिलं.

परतीच्या गाडीत मी पाहिलेल्या गोष्टींची यादी करत होते, मैत्रिणींना सांगायला. केबिन बदलून मिळत असेल तर अवश्य घ्या, मी सांगेन. बाल्कनी असली की खोलीत जीव गुदमरत नाही. पाकीट हातात पडल्यावर सगळ्यांची नावं तिथंच तपासा, उद्यावर टाकू नका. पण बाकीचं कसं सांगावं ते मला कळेना. जमिनीवर आपण एखाद्याला मागं ठेवून निघतो आणि कुणी अडवत नाही. गाडी सुटते, घर धुतलं जातं, दुसऱ्या दिवशी दूधवाला येतो. राहून गेलेल्या माणसासाठी कुणी भोंगा वाजवत नाही. माझ्याच्यानं त्या दिवशी थांबणं झालं नव्हतं. ते मान्य करायला मला समुद्रावर जावं लागलं.

संभाजीनगरला उतरून आम्ही रिक्षानं मध्यवर्ती बसस्थानकावर गेलो. कन्नडची गाडी लागलेली होती. मी म्हटलं, “आक्का, दोन दिवस राहा की माझ्याकडं.”

“आता नगं. मका काढायला आलाय. दिवाळीला ये तू.” त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. असं त्यांनी लग्नानंतर पहिल्या वर्षी केलं होतं, त्यानंतर आत्ताच.

खिडकीशी जागा मिळाली त्यांना. शेजारी भाजीची रिकामी टोपली मांडीवर घेतलेली एक बाई बसली होती. मी खाली उभी होते. त्या बाईनं आक्कांची भलीमोठी बॅग पाहून विचारलं, “लांबून आल्या का मावशी? कुठं गेल्ता?”

“म्हमईला.”

“काय काम काढलं व्हतं इतक्या लांब?”

वाहकानं घंटी मारली. आक्कांनी खिडकीतून एकदा माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं वळून म्हणाल्या, “भावाला पोचवायला गेल्ते.”